अरविंद, मी याडीला सांगितलं

अरविंद, आधी गुन्हा कबूल करते, मग बाकीचं बोलू. मी तुझा शब्द मोडला. तुझ्या आईला, तुमच्या तांड्याच्या बोलीत याडीला, मी सगळं सांगितलं. तुझं यकृत कशानं गेलं, तो आजार तुझ्यात कुठून आला, सगळं. तू जाऊन अजून दोन महिने झाले नाहीत. तू असतास तर दारात उभा राहून म्हणाला असतास, "ताई, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही." भिजला होता, बाबा. वर्षभर भिजवून ठेवला होता. तुझ्या माघारी तो ठेवणं मला जमलं नाही.

तुझ्या तेरवीला तांड्याच्या प्रमुखांनी, नाईकांनी, मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी 'मनमिळाऊ सहकारी' असं काहीतरी पुटपुटून खाली बसले. साफ खोटं बोलले. नऊ वर्षं लॅबमध्ये एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून आपण जेवढं भांडलो तेवढं मी माझ्या नवऱ्याशीही भांडले नाही. तू रक्ताच्या नळ्यांवर बॉलपेननं नाव लिहायचास, आणि ते पुसलं की माझ्याकडे बघायचास. मी पंखा बंद करायची, तू लावायचास. बोलायला गेलं की "चुकलं ताई" म्हणायचास आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता पंखा बंदच असतो आणि मला गरम होतं. कुणाला सांगू?

मंगरूळपीरच्या बसस्टँडमागची आपली दोन खोल्यांची लॅब. नवीन किट आलं, नवीन औषधाची बाटली फोडली, की ते नीट चालतं का हे बघायला आधी एक चांगलं, निरोगी रक्त लागतं. नियमानं ते विकत मागवायचं असतं. आपल्याकडे कोण मागवतंय! तू शर्टाची बाही वर सारायचास. "घ्या ताई, गावरान माल हाय." साखरेचं मशीन तुझ्या रक्तावर, हिमोग्लोबिन तुझ्या रक्तावर, रक्तगटाची औषधं तुझ्या रक्तावर. सगळ्या तालुक्याच्या रक्ताला आपण तुझं माप लावत होतो. हे चुकीचं आहे हे दोघांना कळत होतं आणि दोघंही करत होतो. सुई माझ्याच हातात असायची, म्हणून सगळं तुझ्यावर ढकलत नाही.

मग कावीळ बी, म्हणजे हिपॅटायटिस बी, तपासायची ती कार्डं आली. थेंब टाकायचा; एक रेघ उमटली तर काही नाही, दोन उमटल्या तर रक्तात विषाणू आहे. सवयीनं तुझा थेंब टाकला. दोन रेघा. दुसरं कार्ड फोडलं. पुन्हा दोन. तू हसलास. "ताई, बॉक्सच गेलेला हाय. उन्हात ठेवला असन गाडीवाल्यानं." मीही हसले. आपल्या दोघांना त्या आजाराच्या लसीचे तिन्ही डोस झालेले होते ना! लस झाली की तो होत नाही, एवढं आपल्याला पक्कं ठाऊक. पण लस टोचायच्या आधीपासूनच, अगदी जन्मापासून तो माणसाच्या अंगात असेल तर लस बिचारी काय करणार, हा साधा विचार रोज दुसऱ्यांचं रक्त तपासणाऱ्या आपल्या मनाला शिवला नाही. मी माझ्या अक्षरात बॉक्सवर 'खराब' असं लिहिलं आणि तो परत पाठवला. नवा बॉक्स आला त्या दिवशी तू रजेवर होतास, म्हणून माझ्या रक्तावर तपासला. एक रेघ आली. बॉक्स चांगला ठरला आणि आपण कामाला लागलो.

चार वर्षं गेली त्यात. गोळ्या वेळेवर सुरू झाल्या असत्या तर विषाणू दाबून ठेवता आला असता. खरं काय ते उघडकीला आल्यावर तू एकदाच त्याबद्दल बोललास. मी बाटल्या लावत होते आणि तू मागून म्हणालास, "बॉक्स खराब नव्हता ताई. मीच खराब होतो." आणि मी काय केलं? नळ तसाच सोडून बाहेर गेले आणि कोपऱ्यावरून विनाकारण कोथिंबीर घेऊन आले. तेव्हा म्हणायला हवं होतं, माझं चुकलं, अक्षर माझं होतं. नऊ वर्षांत तू मला हजार वेळा 'चुकलं' म्हणालास, मी तुला एकदाही नाही. आता म्हणते. माझं चुकलं, अरविंद.

उघडकीला कसं आलं, तेही तुझ्याच स्वभावाला शोभेल असं. नागपूरहून त्या मॅडम आल्या होत्या, विषाणूंचा अभ्यास करणाऱ्या. कावीळ बीचा विषाणू देशभर एकच नाही, त्याचे प्रकार आहेत, आणि कुठल्या भागात कुठला प्रकार राहतो याचा नकाशा त्यांना करायचा होता. आपल्या बाजूचे नमुने त्यांच्याकडे फारसे नव्हते. तांड्यावर जाऊन रक्त गोळा करणारा माणूस हवा होता. तू खुर्चीवरून उठून उभाच राहिलास. "मी जातो. माह्याच तांड्यापासून सुरू करतो."

त्या दिवशी तुमच्या समाजमंदिरात मी पण होते. मॅडमनी प्रकार समजावायला सुरुवात केली आणि पाच मिनिटांत अर्धी माणसं उठून तंबाखू मळायला बाहेर गेली. मग तू पुढं झालास. "पाहा, आपल्यात कसं राठोड हाय, पवार हाय, चव्हान हाय, जाधव हाय? दिसाले सारे सारखेच, पन गोत येगळं. तसं या इषानूत बी गोत असते. कोनाचं डी, कोनाचं ए, कोनाचं सी. गोत समजलं तं तो कुठून आला ते समजते." बाहेरची माणसं आत आली. मॅडमनी डोळे मोठे करून तुझ्याकडे पाहिलं आणि हे वाक्य वहीत लिहून घेतलं. तू पुढे आठवडाभर माझ्यापुढे छाती काढून फिरलास.

तरी पहिला हात कुणी पुढे करेना. नाईक भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "तांड्याचा कायदा हाय. जो मांगते त्यानं आंधी द्यावं." झालं. तुझी बाही वर गेली. सवयच होती. तुझी नळी झाली, नंतर नाईकांची, मग रांग लागली, आणि रांगेत डोक्यावरची ओढणी सावरत याडी उभी राहिली. "मले सुईचं भेव नाही," ती म्हणाली होती, "मी का कमी रगत पाह्यलं?" तांड्यातली निम्मी लेकरं तिच्या हातांवर जन्मलेली. ती दाई आहे हे मला त्या दिवशी कळलं. नळ्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे, तेही मुद्दाम उलटसुलट लावलेले. तुझा सतरा आणि याडीचा एकतीस. यादी तुझ्याकडे होती.

विषाणू सापडलेल्या आकड्यांमध्ये दोघंही होतात. तू बाकीच्यांच्या घरी स्वतः गेलास, एकेकाला ओट्यावर बसवून समजावलंस, तपासणीला नेलंस. स्वतःबद्दल मला सांगितलंस ते मात्र नळी दाखवावी तसं. "सतरा नंबर मी हाय ताई." याडीचं पुढे कित्येक दिवस सांगितलंच नाहीस. मोठ्या तपासण्या झाल्या तेव्हा तुझ्या यकृतात गाठ झालेली होती. याडीचं यकृत ठणठणीत. एकच विषाणू, एकाला पोखरून काढतो आणि दुसऱ्याच्या अंगात साठ वर्षं पाहुण्यासारखा राहतो.  

मग मॅडमचं ते चित्र आलं. सगळ्या नमुन्यांच्या विषाणूंची नाती दाखवणारं, फांद्याफांद्यांचं झाड. आपल्या देशात डी प्रकार सगळ्यात जास्त, त्याच्या खालोखाल ए; तसंच इथंही निघालं. एका बाजूला डीच्या फांद्यांची गर्दी, थोड्या एच्या. आणि सगळ्यांपासून लांब, एकटी एक फांदी, तिला दोन डहाळ्या. सतरा आणि एकतीस. सी. मॅडमचा फोन आला तेव्हा स्पीकर चालू होता. "हा प्रकार आपल्याकडे पूर्वेच्या राज्यांत दिसतो. वाशीमला कसा आला? लेबलं बदलली का?" मी तोंड उघडणार तेवढ्यात तू म्हणालास, "लेबलं बरोबर हायेत, मॅडम." आणि फोन उचलून अंगणात गेलास. आत आल्यावर मी विचारलं, कसं रे हे? तू पंखा लावलास. 

त्यानंतर आपलं एकच भांडण चालू राहिलं. अकोल्याला तपासणीला जाताना शेलूबाजारला गाडी थांबायची. जीपवाले ओरडत असायचे, तू चहा नुसता हातात धरायचास, कारण पोटात काही ठरत नव्हतं, आणि आपण हळू आवाजात कचाकचा भांडायचो. मी म्हणायची, तुझ्यात तो याडीकडून आला, जन्माच्या वेळी. म्हणजे सारिकालाही असेल. तुझी धाकटी बहीण, तिला तपासायला नको?

"सारिकाले तपासा ना. कोन नाही म्हनते? पन याडीले काहून सांगायचं?"

"याडी इचारन तं?" मी म्हणायची.

"इचारन तं सुई टोचली होती म्हना. लॅबच्या मानसाले सुई टोचतेच." मग कप खाली ठेवून म्हणाला होतास, "ताई, माहं लिव्हर गेलं हे तिले माहीत हाय. तिच्या पोटातून आलं हे समजलं तं ते मरन. खानंपिनं सोडन अन् मरन. मी तिले ओळखतो."

मी तुला भित्रा म्हणाले. हो, शेलूबाजारच्या स्टॉलवर, चार माणसांत, पोटात पाणी झालेल्या माणसाला मी भित्रा म्हणाले. तू हसलास आणि "माहा बी चहा पिऊन टाका" म्हणालास. या गोष्टीची मला किती लाज वाटते, ते सांगायची सोय आता उरली नाही.

शेवटी अकोल्याच्या त्या वॉर्डात, दुपारी, याडी खाली औषधं आणायला गेली होती तेव्हा तू माझं मनगट धरलंस. हातात ताकद नव्हती, नुसती हाडं. "माही आन हाय ताई. सारिकाचं पाह्यजा. याडीले सांगू नका." मी 'हो' म्हटलं नव्हतं, अरविंद. मान हलवली होती. गेले कित्येक दिवस मी स्वतःशी हाच वकिली वाद घालतेय, की मान हलवणं म्हणजे शब्द देणं नव्हे. पण तुझ्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं होतं हे मी पाहिलं. तो शब्दच होता. आठ दिवसांनी तू गेलास.

सारिका तेव्हा ऊसतोडीवर होती, आठवा महिना लागलेला. तुझ्यासाठी कोयता टाकून आली ती परत गेली नाही. फडात राहिल्यामुळे तिच्या बाळंतपणाच्या कार्डावर तपासण्यांचे रकाने कोरेच होते. तेरवीनंतर मी तिला लॅबमध्ये बोलावलं आणि कावीळ बीच्या कार्डावर थेंब टाकला. दोन रेघा आल्या. या वेळी मी बॉक्सकडे पाहिलंही नाही.

तिला समजावलं. घाबरू नकोस, तुझी तब्येत चांगली आहे, पण बाळ जन्मल्याबरोबर पहिल्या काही तासांत त्याला दोन इंजेक्शनं पडली पाहिजेत, एक लसीचं आणि एक तयार प्रतिकारशक्तीचं. ती पडली तर बाळ बहुतेक सुटतं. म्हणून बाळंतपण दवाखान्यातच व्हायला हवं. तशी ती रडायलाच लागली. "याडी नाही येऊ देत ताई. दवाखान्याचं नाव काढलं तं हातातलं भांडं फेकते. म्हनते, पोट्टं मी माह्या हातानं काढीन. तांड्यात सुई आनू देत नाही, त्या दवाखान्याच्या आशाताईले बी हाकललं." आणि मग खाली बघून म्हणाली, "याडी जेवत बी नाही. चतकोर भाकर खाते, ते बी मी रडली तं."

आता सांग, मी काय करायला हवं होतं? तू दोन कामं सांगून गेलास, सारिकाला सांभाळा आणि याडीला सांगू नका. एक केलं की दुसरं मोडत होतं. असा पेच टाकून निवांत मरून जायचं, याला मनमिळाऊ म्हणतात का?

मी तांड्यावर गेले. याडी ओट्यावर सूप घेऊन बसली होती, डाळ पाखडत. इतकी वाळली होती की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी शेजारी बसले.

"मावशी, सारिकाचं बाळंतपन दवाखान्यात करू."

"काहून? माह्या हाताले कीड लागली का?" तिनं सूप थांबवलं नाही. "दवाखान्यानं माह्या अरविंदचं काय केलं? उभा नेला अन् आडवा आनला. लेक देला. आता लेकीचं लेकरू बी देऊ?"

"अरविंदच्या आंगात जे होतं, मावशी, ते सारिकाच्या आंगात बी हाय. लेकराले जलमल्याबरोबर सुई नाही देली तं त्याच्यात बी जाईन."

सूप थांबलं. "तिले कोनापासून झालं?"

तू शिकवलेलं खोटं माझ्या जिभेवर तयार होतं. सुई टोचली. ऊसतोडीच्या कोपीवर, त्या झोपडीत, काहीतरी झालं. काहीही. पण ती दाई आहे, अरविंद. कुठल्या बाईच्या पोटातून काय आलं, याचा हिशोब तिनं जन्मभर केलाय. माझ्या तोंडाकडे बघत तीच हळूच म्हणाली, "अरविंदले. सारिकाले. दोघं बी माह्याच पोटचे." आणि मग, "माह्यात हाय का ते, बाई?"

मी 'हो' म्हटलं. एवढंच मी केलं, आणि तेवढ्यात तुझा शब्द मोडला.

ती ओरडली नाही. सूप बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून बसली. "मीच खाल्ला माहा लेक," ती म्हणाली. परत म्हणाली. ते ऐकताना तुझी आठवण आली आणि वाटलं, अरविंदच बरोबर होता, मी आज हिचा जीव घेतला. घाईघाईनं जे सुचेल ते बोलत सुटले. "तुमचा काय दोष मावशी? तुमाले कुठं मालूम होतं? तुमच्यात बी ते तुमच्या मायकडूनच आलं असन."

तिनं मान वर केली. "माह्या मायकडून?"

मग मी चित्राचं सांगितलं. एवढ्या लोकांचं रक्त नेलं, त्यात तुमचं आणि अरविंदचंच गोत वेगळं निघालं. ते इकडचं नाही. पूर्वेकडच्या मुलखात सापडतं. यावरून कुणाचं गाव सांगता येत नाही, नक्की असं काही म्हणता येत नाही, असं मॅडमनी बजावलं होतं, तेही सांगितलं. ती ऐकतच नव्हती. मग ती जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत तुला सांगते, कारण ते तुला माहीत होतं का, हे मला आता कधीच कळणार नाही.

"माहा बाप लोकाईसंग धरनाच्या कामावर गेल्ता. लय दूर. दोन सालानं आला तं बायको घेऊन आला. कुठची, कोनाची, कोनाले सांगतलं नाही. सारा तांडा तिले मुकी म्हने. मुकी नव्हती वं बाई. मले झोपवताना बोले. लय बोले. मले काहीच समजे नाही. मले वाटे, मुक्या मानसाचं बोलनं असंच असते. मी पाचेक वर्साची होती तं ते मेली." तिनं बाजूचं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "म्हंजे तिले बोली होती. तिले गाव होतं."

"असन, मावशी."

"होतं. तूच तं सांगून राह्यली, होतं म्हनून."

मग मात्र ती रडली. तुझ्यासाठी रडली का आईसाठी, मला वेगळं करता आलं नाही. मीही रडले. सारिका दारात उभी राहून दोघींकडे बघत होती.

मोटारसायकलवरून परत येताना, नवरा गाडी चालवत होता, मी मागे बसून तुझ्यावर भयंकर चिडले होते. तू त्या दिवशी क्षणभरही न थांबता म्हणालास, लेबलं बरोबर आहेत. म्हणजे आजीची गोष्ट तुला ठाऊक असणार. फोन हातात असतानाच तू सगळी बेरीज केली असणार. आणि ती पोटात ठेवून गेलास, आईला दुखू नये म्हणून. अरे, त्या बाईला उभ्या जन्मात तिच्या आईबद्दल कुणी एक शब्द आणून दिला नव्हता. पहिली बातमी आली ती तुझ्या रक्तातून आली, आणि तूच ती अडवलीस. हे मी चिडून लिहितेय खरं, पण हेही खरं की नाईकांनी कायदा सांगितल्यावर तू बाही वर केली नसतीस तर ती बातमी आलीच नसती. सारिकाचंही कळलं नसतं. तुझ्यावर धड रागही धरता येत नाही, ही तुझी जुनी खोड.

सगळं छान झालं, असं समजू नकोस. तुला खोटं सांगणार नाही. याडी अजूनही मधेच काम थांबवून "मीच खाल्ला" म्हणते. भाकरी बाजूला सारते. तू ओळखत होतास तिला, ते बरोबरच होतं.  पण मी सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सारिकाचा फोन आला. "ताई, याडी म्हनते दवाखान्यात नाव लिहा."

ते दुसरं इंजेक्शन आपल्याकडे सहजी मिळत नाही. अकोल्याहून बर्फाच्या डब्यातून मागवून आधीच फ्रीजमध्ये ठेवलं. तू असतास तर दिवसातून दहा वेळा फ्रीज उघडून बघितलं असतंस. मीही तेच केलं.

काल दुपारी मुलगी झाली. तुझी भाची. अडीच किलोला थोडी कमी, आवाज मात्र तांडाभर ऐकू जाईल असा. याडी बाळंतपणाच्या खोलीबाहेर हटून बसली होती, आत येऊ देईनात म्हणून नर्सशी भांडत. इंजेक्शनची वेळ झाली तेव्हा तिला आत घेतलं. नर्सनं सुई काढली. मला वाटलं, आता ही हात झटकते. पण तिनंच बाळाचा एवढासा पाय आपल्या मुठीत धरला, दाई धरते तसा, घट्ट आणि न दुखवता, आणि नर्सला म्हणाली, "दे." एका मांडीत एक, दुसऱ्या मांडीत एक. बाळ किंचाळलं. पहिला तास अजून संपला नव्हता.

नंतर ती बाळाला घेऊन खाटेच्या कडेला बसली. सारिका झोपली होती. तिनं मला विचारलं, "आता हिच्यात नाही न जानार ते?"

काय सांगू? तिला एकदा खरं सांगून बसले होते, आता मागे फिरता येत नव्हतं. म्हटलं, "बहुतेक नाही, मावशी. बाकीच्या लसी वेळेवर घ्या लागतीन. पन नक्की काय ते साल भरत आलं का तिचं रगत तपासून समजन."

"साल भरन तवा?"

"हो. तवर काही सांगता येत नाही."

याडीनं बाळाच्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"म्हंजे तवर मले मरता येत नाही," ती म्हणाली.

आणि बाळाला दुसऱ्या हातावर घेत, "खायले काही हाय का वं तुह्याजवळ?"